लाट मी पुन्हा पुन्हा का बघितली?

ताई,

गेल्या शनिवारी रात्री आम्ही तिघांनी, म्हणजे मी, नवरा आणि आमचा दहा वर्षांचा मुलगा, २००४ च्या त्सुनामीवरचा माहितीपट पाहिला. मुलाला शाळेत भूकंपाचा धडा होता, म्हणून मीच लावला होता. त्यात एक बाई सांगत होती, पाण्यात तिच्या हातातून तिच्या मुलाचा हात सुटला. ते ऐकून मी ढसाढसा रडले. इथवर ठीक. पण लाट येते तो भाग मी रिमोटने मागे नेऊन परत पाहिला. मग पुन्हा परत. घरातले झोपल्यावर फोनवर तसल्याच क्लिप शोधत पहाटेपर्यंत जागी राहिले. लाट बघताना रडू येत नव्हतं. छातीत धडधडत होतं, डोळे हलत नव्हते, आणि त्यात कुठेतरी थरार होता. हे लिहितानाही शरम वाटते. शेवटी घरं परत कशी बांधली वगैरे दाखवलं, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

नवरा पूर्ण वेळ शांत बसला होता. संपल्यावर एवढंच म्हणाला, "दोन तास होते हातात, आणि कोणी कळवलं नाही?" आणि उठून लॅपटॉप उघडून बसला. मला इतका राग आला की नंतर दोन दिवस मी त्याच्याशी धड बोललेही नाही. मुलाने विचारलं, "आपल्याकडे येईल का गं असं पाणी?" मी म्हटलं, "छे, कधीच नाही." तेव्हापासून तो दिवा लावून झोपतो.

आठवडा होत आला. अजून डोळे मिटले की पाणी दिसतं. आमचं तर त्यात कोणीच गेलं नाही. मग हे दुःख करायचा मला हक्क तरी आहे का? आणि माणसं वाहून जाताना परत परत बघणारी मी कसली बाई आहे?

– एक अस्वस्थ वाचक

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्याखाली दबलेलं दिसतंय. लाट पुन्हा पाहिलीत म्हणून तुम्ही निर्दय ठरत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाहीये. त्या रात्री पडद्यावर काय चाललं होतं ते नीट पाहिलं, तर डोळे का खिळले याचा उलगडा होतो.

लाट म्हटलं की आपल्या मनात येते ती उभी राहणारी, वाकणारी, फुटणारी आणि मागे जाणारी. नेहमीची लाट काही सेकंदांत हे सगळं उरकून मोकळी होते. त्सुनामी तशी नसते. समुद्राचा तळ हलला की त्याच्यावरचं सगळंच्या सगळं पाणी ढकललं जातं. खोल समुद्रात ते ताशी ७००-८०० किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे जवळजवळ जेट विमानाच्या वेगाने पुढे जातं. पण तिथे लाटेची उंची इतकी कमी असते की वर तरंगणाऱ्या जहाजाला पत्ताही लागत नाही. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ झाला की वेग मंदावतो आणि मागून येणारं पाणी पुढच्यावर चढत जातं. मग ते येतच राहतं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, कधी त्याहून जास्त. त्या दिवशी पर्यटकांनी केलेल्या चित्रणात बऱ्याचदा सुरुवातीला क्षितिजाजवळ फक्त एक पांढरी रेघ दिसते. कितीतरी वेळ ती नुसती रेघच असते. मग पाणी आत शिरतं, आणि आपले डोळे जन्मभराच्या सवयीने ते मागे फिरायची वाट बघत राहतात. ते काही फिरत नाही. समोर दिसतंय ते डोक्यात बसत नाही, म्हणून बोट पुन्हा रिमोटकडे जातं. यात क्रौर्य कुठे आहे? काय झालं ते समजून घ्यायची ही धडपड आहे.

दुसरं एक कारण असू शकतं आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. माहितीपट बघणाऱ्याला पुढे काय होणार ते ठाऊक असतं. पडद्यावरच्या माणसांना नसतं. थायलंडच्या किनाऱ्यांवर लाटेच्या आधी समुद्र मागे हटला होता. उघड्या पडलेल्या तळावर लोक उतरले. कोणी तडफडणारे मासे बघत होतं, कोणी नुसतंच थांबून समुद्राचं काय झालं ते पाहत होतं. ती माणसं मूर्ख नव्हती. समुद्र असा मागे गेला तर पळायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, इतकंच. आणि आपण इकडे सुरक्षित बसून मनातल्या मनात "पळा, पळा" म्हणून ओरडत असतो. ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी चित्र मागे नेलं की ती सगळी माणसं परत आपापल्या पायांवर उभी असतात. वाळू कोरडी असते. अजून वेळ असतो. तुम्ही नेमकं काय बघायला मागे जात होतात, हे एकदा शांतपणे आठवून पाहा. पाणी आदळतं तो क्षण, की त्याच्या आधीचे काही सेकंद? मला ते पत्रातून कळणार नाही. तुम्हाला कळेल.

राहिला थरार. "नसेल हो, तुम्हाला उगाच वाटलं असेल," असं म्हणून तो मी झाकणार नाही. होता असं तुम्ही म्हणता, तर होता. भीतीने होणारी धडधड आणि उत्तेजनेने होणारी धडधड शरीराला वेगळ्या करता येत नाहीत. दोन्हीकडे तेच अ‍ॅड्रेनलिन, तेच रोखलेले श्वास. शिवाय आपण घरात आहोत, आपल्याला काही होणार नाही, याची डोक्याला खात्री असली की ती भीती सोसवते, आणि सोसवणाऱ्या भीतीची माणसाला ओढ वाटते. प्रचंड काही बघून थक्क होणं ही तर त्याहून वेगळी गोष्ट आहे. तुम्ही थक्क झालात ते पाण्याने. कोणाच्या बुडण्याने नाही. आपल्या रसचर्चेत भयानक, अद्भुत आणि करुण असे तीन निराळे रस मानले आहेत. तुमच्यासमोर ते तिन्ही एकाच चौकटीत एकाच वेळी आले. एकेक वेगळा करून अनुभवायला कोणाला जमलं असतं?

प्राचीन अथेन्समधली एक गोष्ट सांगते. लिओंटिअस नावाचा एक माणूस शहराच्या तटबंदीजवळून चालला होता. तिथे देहदंड दिलेल्यांची प्रेतं पडली होती. त्याला बघावंसं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःची किळसही आली. तोंड झाकून तो बराच वेळ स्वतःशी झगडला. शेवटी हरला, डोळे फाडून प्रेतांकडे धावला आणि आपल्याच डोळ्यांना म्हणाला, "घ्या मेल्यांनो, बघा पोटभर!" सुमारे २,४०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. बघणारे डोळे त्याचेच होते आणि त्यांच्यावर चिडलेला माणूसही तोच होता. तुमच्या पत्रातही दोघं आहेत: रिमोट दाबणारी बाई, आणि त्याची लाज वाटून मला पत्र लिहिणारी बाई. यातली पहिलीच तेवढी खरी, असं का धरून चालायचं?

मात्र एका बाबतीत मी तुम्हाला स्पष्टच सांगणार आहे. टीव्हीवर तुम्ही लाट पुन्हा पाहिलीत, आणि मग फोनवर पहाटेपर्यंत पाहत राहिलात, या दोन गोष्टी मी सारख्या मानत नाही. माहितीपटात लाटेच्या अलीकडे-पलीकडे काहीतरी असतं. कोणाचं तरी गाव असतं, घर असतं, नंतर बोलणारी माणसं असतात. क्लिपमध्ये नुसती लाट असते. नाव नाही, गाव नाही, पुढे काय झालं ते नाही. एक संपायच्या आत दुसरी आपोआप सुरू होते, आणि किंकाळ्या कानात जातच राहतात. अशा बघण्यात समजून घेणं कधीच मागे पडलेलं असतं. डोळ्यांसमोर फक्त धोका, परत धोका, परत धोका. पहाटेच्या थकलेल्या मेंदूला तो साठवण्यापलीकडे दुसरं काही करता येत नाही.

याचा अभ्यास झालेला आहे. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर संशोधकांनी अमेरिकेतल्या लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात ज्यांनी रोज सहा किंवा अधिक तास त्या बातम्या आणि दृश्यं पाहिली, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तो घातपात होता, निसर्गाचा कोप नव्हे, आणि तिथे ताज्या बातम्या होत्या, माहितीपट नव्हता. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा तुम्हाला लावायचं कारण नाही. पण पुन्हा पुन्हा बघण्याचा भार पडतो, हे त्यातून नक्की कळतं. तुम्हाला आज डोळे मिटल्यावर पाणी दिसतंय, त्यातलं बरंचसं त्या पहाटेचं आहे असं मला वाटतं.

तेव्हा आजच फोनवरची ती शोधाची आणि पाहिलेल्या व्हिडिओंची यादी पुसून टाका. नाहीतर तुम्ही न मागताच तो तुम्हाला पूर, भूस्खलन, वादळ असं एकेक दाखवत राहील. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. पुढचे दोन-तीन आठवडे या विषयातलं काही बघावंसं वाटलं तर वाचा. वाचताना वेग आपल्या हातात असतो. आणि रात्री मुळीच नको. अंथरुणात पाणी दिसायला लागलं तर ते ढकलून द्यायच्या मागे लागू नका, ढकललं की ते दुप्पट जोराने येतं. उठून बसा, दिवा लावा, पाय जमिनीवर टेकवा, खोलीत समोर काय काय आहे ते स्वतःला सांगा. मग ते चित्र तुम्ही जिथे थांबवता तिथून मनातच पुढे न्या: पाणी ओसरलं, माणसं एकमेकांना शोधायला निघाली, कोणीतरी कोणालातरी झाडावरून खाली उतरवलं. हे खोटं समाधान नाही, हेही त्या दिवशी घडलेलंच आहे. तुमच्या डोक्यात मात्र चित्र एकाच जागी अडकून पडलंय.

आता हक्काबद्दल. आमचं कोणी गेलं नाही, मग मी का रडू, असं तुम्ही विचारता. २६ डिसेंबर २००४ ला इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्या त्सुनामीत १४ देशांतली सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली. या आकड्यासाठी कोणालाच रडू येत नाही. मलाही येत नाही. तुम्हाला रडू आलं ते एका बाईसाठी, एका सुटलेल्या हातासाठी. तुम्हीही दहा वर्षांच्या मुलाची आई आहात, आणि तो त्या क्षणी तुमच्या शेजारी बसलेला होता. दुसऱ्याचं दुःख आत येतं ते असंच, एखाद्या ओळखीच्या फटीतून. त्यासाठी नात्याचा दाखला लागत नाही.

पण हक्क आहे म्हटल्यावर थोडी जबाबदारीही येते. ती बाई कॅमेऱ्यासमोर स्वतःहून येऊन बसली. हात सुटल्याचं सांगणं तिला सोपं गेलं नसणार, तरी तिने सांगितलं. आणि तेवढंच सांगून ती थांबली नसणार. पुढे ती कशी जगली, कोणाबरोबर जगली, आज ती काय करते, हेही ती कुठेतरी बोलली असेल. नेमका तोच भाग तुम्ही ऐकला नाहीत. यात तुमचा दोष काढत नाही, बहुतेकांचं असंच होतं. घरं बांधल्याचं दृश्य कोणी मागे नेऊन पुन्हा बघत नाही. पण तिच्या आयुष्यातला सर्वांत भयंकर क्षण आपण लक्षात ठेवायचा आणि त्यानंतरची सगळी वर्षं सोडून द्यायची, हा तिच्यावर अन्याय होतो. म्हणून माझं म्हणणं आहे की तो माहितीपट पुन्हा लावा. दिवसा. लाटेचा भाग सोडून द्या आणि तुम्ही ज्याकडे लक्ष दिलं नव्हतं तिथून पुढे शेवटपर्यंत बघा.

त्यात बहुधा बांदा आचे दिसेल. सुमात्राच्या टोकाचं हे शहर, तिथे भूकंपानंतर १५-२० मिनिटांतच पाणी आलं. वीज तयार करणारं २,६०० टनांचं एक जहाज लाटेने उचलून काही किलोमीटर आत वस्तीत नेऊन ठेवलं. ते अजून तिथेच आहे. लोक त्याच्यावर चढून शहर बघतात. त्या आचे प्रांतात पुढच्या काही वर्षांत १,४०,००० च्या आसपास घरं उभी राहिली. तिथे जवळजवळ ३० वर्षं सरकार आणि बंडखोरांमध्ये सशस्त्र संघर्ष चालू होता. त्सुनामीनंतर आठच महिन्यांत, १५ ऑगस्ट २००५ ला, हेलसिंकीत शांतता करार झाला. मेलेल्या माणसांची ही भरपाई आहे असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण त्या जागेची गोष्ट लाटेवर संपलेली नाही, आणि तुमच्या मनात मात्र ती तिथेच संपली आहे.

दुःखाबरोबर एक अपराधी भावना येते आणि ती लगेच काहीतरी पाठवायला लावते. पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, फक्त आज जिथे आपत्ती आहे तिथे, आणि कपड्यांऐवजी पैसे. २००४ नंतर कोणाला नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग मदत म्हणून गेले आणि रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. पुढे ते उचलणं हेही एक कामच होऊन बसलं.

नवऱ्याचं काय करायचं? तुमचा राग समजतो. आपण रडून लाल झालेलो असताना शेजारचा माणूस उठून लॅपटॉप उघडतो, तेव्हा तो दगड वाटतो. पण त्याचं वाक्य तुम्ही मला शब्दशः लिहून पाठवलंत, आणि ते वाक्य दगडाचं नाही. "दोन तास होते हातात, आणि कोणी कळवलं नाही?" त्या दिवसाचं सर्वांत जिव्हारी लागणारं सत्य त्याने एका ओळीत पकडलंय. बांदा आचेला वेळ नव्हता. पण श्रीलंका, थायलंड आणि भारताच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत पाणी पोचायला सुमारे दोन तास लागले. प्रशांत महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी व्यवस्था १९४९ पासून होती. तिथल्या, हवाईतल्या केंद्राला हा भूकंप काही मिनिटांत कळला होता. हिंदी महासागराच्या काठावरच्या माणसांपर्यंत इशारा पोचवायला मात्र काहीच नव्हतं. रविवारची सकाळ होती. मच्छीमार बायका किनाऱ्यावर होत्या, मुलं खेळत होती. नुसता "वर जा" असा निरोप आला असता तरी हजारो जण वाचले असते.

ज्याला हे टोचलं त्याला काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. काहींचं दुःख डोळ्यांतून येतं, काहींचं "हे टाळता आलं असतं का" या प्रश्नातून. कदाचित तो लॅपटॉपवर तेच शोधत बसला असेल. कदाचित नसेलही, त्याच्या वतीने मी कशाला बोलू? तुम्ही विचारा. पण "तुला काहीच कसं वाटलं नाही?" असं विचारू नका. त्या प्रश्नावर माणूस आपली बाजू मांडायला लागतो. "तुझ्या डोक्यात त्यातलं अजून काय राहिलंय?" असं विचारून बघा, आणि उत्तर तुमच्यासारखं नसलं तरी पूर्ण ऐका. तुमचं रिमोटचं गुपितही त्याला सांगायला हरकत नाही. त्यानेही तुम्हाला मागे नेताना पाहिलंच आहे. त्याचा त्याने काय अर्थ लावला, हे तुम्हाला अजून माहीत नाही.

मुलाबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचंय. "कधीच नाही" हे तुम्ही मायेपोटी म्हणालात. पण तो दहा वर्षांचा आहे. आपल्याकडे असं कधीच होणार नाही असं वाटणारी माणसं त्याने नुकतीच पडद्यावर पाहिली होती. शिवाय आई तोच भाग परत परत लावते, तिचा चेहरा बदललेला आहे, हेही त्याने पाहिलं. आईचे शब्द एक सांगताहेत आणि चेहरा दुसरंच, तेव्हा मूल चेहऱ्यावर विश्वास ठेवतं. म्हणून तो दिवा लावतो.

त्याला खरं सांगा. "मी घाईत 'कधीच नाही' म्हटलं. मलाही ते बघून भीती वाटली होती. चल, आता नीट बोलू," अशी सुरुवात करा. मग आधी त्यालाच विचारा, काय पाहिलंस, काय लक्षात राहिलं. मुलांच्या मनात कधीकधी भलतीच गोष्ट अडकलेली असते. आपण लाटेचं समजावत बसतो आणि त्याला खुपत असतं ते एखादं हरवलेलं कुत्रं. त्याचं ऐकून झाल्यावर सांगा, की इतकी मोठी त्सुनामी फार क्वचित येते. ती समुद्राच्या काठावर येते, आणि तिची काही लक्षणं असतात. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, समुद्र अचानक मागे गेला किंवा चढला, किंवा समुद्राकडून मोठी गडगड ऐकू आली, तर कोणाची वाट न बघता उंच जागी जायचं. सामान गोळा करायचं नाही. आणि एक लाट ओसरली म्हणून खाली यायचं नाही, कारण त्या एकामागून एक येतात आणि पहिलीच सर्वांत मोठी असते असं नाही. सगळं ठीक आहे असं अधिकारी सांगतील तोवर वरच थांबायचं.

आणि त्याला त्याच दिवशीच्या दोन गोष्टी सांगा. थायलंडमधल्या फुकेतच्या एका किनाऱ्यावर सुट्टीला आलेली एक ब्रिटिश मुलगी होती, त्याच्याच वयाची, दहा वर्षांची. समुद्राला फेस आलाय, पाणी विचित्र वागतंय, हे तिने पाहिलं. शाळेत दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकवली होती. ती आईबाबांना सांगतच राहिली, ऐकेपर्यंत सांगत राहिली. किनारा रिकामा झाला आणि तिथे कोणी दगावलं नाही. दुसरी गोष्ट सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटाची. हे बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ, तिथे पाणी काही मिनिटांतच पोचलं. पण १९०७ मध्ये तिथे मोठी त्सुनामी येऊन गेली होती, आणि आजीआजोबांनी ती गोष्ट गाण्यांमधून, अंगाईंमधून नातवंडांना सांगत ठेवली होती: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगराकडे पळा. त्या दिवशी सगळे पळाले. सुमारे ७८,००० लोकवस्तीच्या त्या बेटावर सात जण गेले.

दहा वर्षांच्या मुलाला "घाबरू नकोस" एवढं सांगून भागत नाही. त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, आणि माहिती ही हातात देण्यासारखी गोष्ट आहे. वडिलांनाही यात घ्या. दोन तासांचा प्रश्न त्यांना पडलाच आहे, तर त्याचं पुढचं उत्तर त्यांनीच मुलाला द्यावं: २००७ मध्ये हैदराबादला त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र सुरू झालं. समुद्राच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं असतात, किनाऱ्यांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं असतात, आणि २०११ पासून भारत, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया ही तीन केंद्रं हिंदी महासागराच्या काठच्या देशांना माहिती पुरवतात. बापलेकांनी नकाशा उघडून बसावं. तुम्हीही बसा त्यांच्यात. तुमच्याही पाण्याला तिथे थोडा किनारा मिळेल असं मला वाटतं.

दिवा काही दिवस राहू द्या. त्यावरून चिडवू नका, लाडही करू नका. झोपायच्या आधी पाच-दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा, म्हणजे तो हळूहळू स्वतःच बंद करेल. माहितीपटाचा उरलेला भाग त्याला बघायचा असेल तर तुमच्याबरोबर बघू द्या. नको म्हणाला तर आग्रह नको.

शेवटी एक विचारते, आणि याचं उत्तर मला कळवायलाच हवं असं नाही. आमचं त्यात कोणी गेलं नाही, असं तुम्ही लिहिलंत. दुसरीकडे कुठे, दुसऱ्या कशात, कोणी गेलंय का? कोणाचा हात कधी सुटलाय का, आजारपणात, अपघातात, किंवा भांडून? कधीकधी परक्याच्या दुःखासाठी आलेलं रडू अर्धं आपल्याच कुठल्यातरी राहून गेलेल्या दुःखाचं असतं. त्या वेळी रडायला सवड मिळालेली नसते. तसं काही आठवलं तर या आठवड्याचा बराचसा उलगडा होईल, आणि मग इलाज पाण्याचा नको, त्या दुःखाचा हवा.

आठवडाभर असं होणं मला काळजीचं वाटत नाही. घरी बसून पडद्यावर काही पाहिलं, तर मानसोपचाराच्या नियमावलीत त्याला सहसा आघात म्हणत नाहीत, आणि क्लिप बंद केल्यावर बहुतेकांचं हे आपोआप निवळतं. पण आणखी तीन-चार आठवड्यांनीही झोप येत नसेल, दिवसासुद्धा ती चित्रं अचानक समोर येत असतील, पाण्याजवळ जायलाच नको वाटत असेल किंवा मुलाची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टीव्हीवर काहीतरी बघून असं झालं, हे सांगायला संकोच वाटेल. तिथूनच सुरुवात करा. लाट मागे नेऊन पाहिली, त्यात थरार होता, हेही मला लिहिलंत तसंच्या तसं त्यांना सांगा.